हिरवा रंग मारला म्हणून टँक आपला होत नाही



आज जरा कडक लिहिणार आहे. ज्यांना झोंबेल त्यांनी समजून घ्यावं, आणि ज्यांना फारच झोंबेल त्यांनी शेवटपर्यंत वाचावं.

विषय तसा छोटा आहे. प्लास्टिकची टँकची मॉडेलं. बाजारात परदेशी कंपन्यांचे खोके मिळतात, त्यात शे-दोनशे ते हजारापर्यंत तुकडे असतात, ते चिकटवायचे, रंगवायचे आणि काचेच्या कपाटात ठेवायचे. गेली बारा वर्षं प्रत्येक पोस्टिंगला माझ्या लोखंडी ट्रंकेत या कामाची हत्यारं असतात. बॅरकमधले पोरगे हसतात, "उस्ताद, खिलौना बन गया क्या?" हसू देत. माझं भांडण त्यांच्याशी नाही. माझं भांडण आहे ते दुकानातून कुठलातरी टँक आणून, त्याला हिरवा रंग फासून, बुरुजावर तिरंग्याचं स्टिकर लावून "१९७१ चा भारतीय टँक" अशी पाटी लिहिणाऱ्यांशी. आणि ती पाटी वाचून मान डोलावणाऱ्या आपल्यासारख्या फौजींशी तर त्याहून जास्त.

ज्यांना या छंदातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टँकची मॉडेलं बहुतेक १/३५ मापात असतात. हे माप कुठल्या शास्त्राने ठरलेलं नाही. जपानच्या तामिया कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर टँकचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा टँक केला, मग हिशेब केला तर तो खऱ्याच्या साधारण पस्तिसावा भाग निघाला. तेच माप जगभर रूढ झालं. खऱ्या गाडीवरचे ३५ मिलिमीटर म्हणजे मॉडेलवरचा १ मिलिमीटर. तोफेसकट ९ मीटर लांबीचा टी-५५ टेबलावर पाऊण फुटाहून थोडा जास्त भरतो. पाच फूट आठ इंचांचा जवान जेमतेम ५ सेंटिमीटर.

आता कन्व्हर्जन सेट. खोक्यात जो टँक येतो तो रशियाचा, अमेरिकेचा, इस्रायलचा. तुम्हाला त्याच टँकचा दुसऱ्या देशाने बदललेला प्रकार करायचा असेल, तर छोटे कारागीर त्या बदलांपुरते सुटे भाग ओतून विकतात. रेझिनचा बुरुज, खरादावर काढलेली धातूची नळी, पितळेच्या पातळ पत्र्यावर कोरलेल्या जाळ्या आणि पट्ट्या. मूळ किटमधले तेवढे भाग काढायचे आणि हे लावायचे. किंमत अनेकदा मूळ किटाइतकीच, कधी त्याहून जास्त. इथेच लोक म्हणतात, "एवढे पैसे कशाला? कोण बघतंय एवढं?"

बघतो. मी बघतो. आणि का बघतो ते सांगतो.

सेंच्युरियन घ्या. ११ सप्टेंबर १९६५ ला फिलोराची लढाई झाली. १७ हॉर्स, म्हणजे आपली पूना हॉर्स, सेंच्युरियनवर होती. तिचे सीओ लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर. मुंबईत जन्मलेला, पुण्यात शिकलेला माणूस. १६ सप्टेंबरला ते आपल्या टँकवर धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. त्या वेळच्या आपल्या सेंच्युरियनवर २० पाउंडर तोफ होती, मागे पेट्रोलवर चालणारं मिटिऑर इंजिन होतं. बाजारात सहज सापडणारं सेंच्युरियनचं किट मात्र बहुधा इस्रायली 'शॉट'चं असतं. त्यावर १०५ मिमी तोफ असते आणि मागे अमेरिकन डिझेल इंजिन बसवण्यासाठी उंच केलेलं इंजिनचं झाकण. तो टँक आपल्या जागी शूरच आहे. पण त्याला हिरवा रंग मारून "फिलोरा १९६५" लिहिलं, की तुम्ही कर्नल साहेबांना आयुष्यात कधी न पाहिलेल्या गाडीत बसवलंत. पुतळा त्यांचा आणि चेहरा भलत्याचा, असं कुठल्या चौकात झालं असतं तर दगडफेक झाली असती. टँकच्या बाबतीत मात्र कोणी काही बोलत नाही.

आता म्हणाल, चेहरा आणि इंजिनचं झाकण एकच का? फौजीला एकच. ज्याने त्या झाकणावर अंथरूण टाकून रात्री काढल्या, ज्याने ते उचलून उचलून कंबर मोडून घेतली, त्याला विचारा. मी ईएमईचा माणूस. गाडी पुढून सगळे ओळखतात, आम्ही ती मागून आणि खालून ओळखतो.

आपल्या घरातलंच उदाहरण देतो. एका युनिटमधून निवृत्त होणाऱ्या जवानांना पितळी टँक भेट मिळाला. खाली नाव 'विजयंता'. मी उचलून पाहिला, एका बाजूला पाच चाकं, पहिल्या आणि दुसऱ्या चाकात मोठी फट. मंडळी, ही ठेवण टी-५४/५५ ची. विजयंताला एका बाजूला सहा चाकं असतात. आवडीच्या कारखान्यात आपण बनवलेला पहिला टँक, त्याच्यावर वीस-वीस वर्षं काढलेली माणसं, आणि निरोपाला त्यांच्या हातात दुसराच टँक. घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते दिसलं होतं. कोणी बोललं नाही, कारण समारंभ होता, साहेब उभे होते, फोटो चालू होते. बनवणाऱ्याला चाकं मोजायला एक मिनिट लागलं नसतं.

"अहो, पण एखाद्या चाकाने किंवा डब्याने काय बिघडतं?" ठीक आहे. डब्याचीच गोष्ट सांगतो.

१९७१ मध्ये आपल्याकडे रशियन घडणीचे टी-५४ आणि टी-५५ होते. पाकिस्तानकडे चीनने दिलेला टाइप-५९ होता, आणि टाइप-५९ म्हणजे टी-५४ चीच चिनी आवृत्ती. तोच बसका गोल बुरुज, तीच पाच चाकं, तीच पहिल्या दोन चाकांतली फट, नळीच्या तोंडाशी धूर काढणारा तोच फुगीर भाग. धुळीत, पहाटेच्या अंधुक उजेडात, हजार मीटरवरून दोन्ही सारखेच. छांबमध्ये तर हे दोघे समोरासमोर उभे होते. गनरला निर्णय घ्यायला दोन-तीन सेकंद. आपला की त्यांचा?

म्हणून आपल्या टँकांच्या नळीवर, साधारण मध्यभागी, एक खोटा डबा बसवला गेला. सेंच्युरियनच्या किंवा विजयंताच्या नळीवर मध्यावर धूर काढणारा खरा फुगवटा दिसतो, तसा दिसणारा. खरा फुगवटा काय करतो? गोळा सुटताना नळीतला वायू बारीक छिद्रांतून त्यात भरतो, गोळा बाहेर पडला की तोच वायू तोंडाच्या दिशेने बाहेर धावतो आणि मागचा धूर ओढून नेतो. त्यामुळे ब्रीच उघडल्यावर टँकच्या आत धूर येत नाही. या खोट्या डब्याला असलं काही काम नव्हतं. त्याचं एकच काम, आपल्या माणसाने आपल्या माणसावर गोळा झाडू नये.

आता तुमच्या टेबलावरचा टँक बघा. रशियन टी-५५ चं किट, हिरवा रंग, तिरंगा, "१९७१". नळी मोकळी. साहेब, तुम्ही बनवलाय तो शत्रूच्या टँकचा जुळा भाऊ. त्या दिवशी त्या मैदानात तो उतरला असता, तर आपल्याच गनरने त्याच्यावर नेम धरला असता.

"कोण बघतंय" याचं उत्तर मला एका तालुक्याच्या गावी माजी सैनिकांच्या मेळाव्यात मिळालं. मी हाच टी-५५, डब्यासकट, टेबलावर ठेवला होता. पोरं आली, सेल्फी काढून गेली. मग धोतर-टोपीतले एक म्हातारे दफादार आले. ७१ मध्ये लोडर होते. त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. त्यांनी बोटाने चाकं मोजली, मग बोट नळीवरून सरकवत नेलं. मध्यावर अडलं. तिथे थांबले आणि म्हणाले, "हां. हा आपला." बाकी काही नाही. चहा पण घेतला नाही. माझ्या मते या छंदाचं एवढंच मोल आहे, आणि ते पुरेसं आहे.

तो डबा मी कसा केला तेही सांगतो, म्हणजे हे काम जादूचं नाही हे कळेल. टी-५५ ची नळी १/३५ मध्ये साधारण १५ सेंटिमीटर. किटमधली नळी दोन अर्ध्या भागांत येते, जोड दिसतो, म्हणून धातूची नळी घेतली. डब्यासाठी योग्य जाडीची प्लास्टिकची नळी कापून सरकवली, कडा पॉलिशपेपरने गोल केल्या. जुन्या फोटोत नळीच्या लांबीशी प्रमाण मोजून जागा ठरवली. टी-५४ करायचा की टी-५५, हेही आधी ठरवावं लागतं. टी-५४ च्या बुरुजावर हवा खेळवणारी अळंबीसारखी टोपी असते, टी-५५ वर नसते. बाजारात टी-५५ए मिळतो, त्याला किरणोत्सर्गाविरुद्धचं अस्तर असल्यामुळे झाकणाभोवतीची कड जाड असते. ती घासून काढायची की नाही, हे फोटो बघून ठरवायचं.

रेझिनचं काम वेगळं. आधी साबणाच्या पाण्याने धुवायचं, कारण साच्यातून सुटायला लावलेला तेलकट थर राहिला तर रंग पापुद्र्यासारखा निघतो. ओतीव ठोकळ्यापासून भाग बारीक करवतीने सोडवायचा. घासताना पाणी वापरायचं आणि तोंडाला मास्क, ती धूळ छातीत जाणं वाईट. वाकलेला भाग गरम पाण्यात बुडवून सरळ करायचा. प्लास्टिकचा गोंद रेझिनला धरत नाही, तिथे फेविक्विकच. आणि फेविक्विक हवेतल्या ओलाव्यावर सुकतं. आसामात ते चिमट्यावरच आळायचं, इथे राजस्थानात मे महिन्यात वाट बघायला लावतं. इथे दुपारी एअरब्रशने रंग मारला तर तो गाडीपर्यंत पोचायच्या आत हवेतच सुकून भुकटी होतो, म्हणून रंगकाम पहाटे चारला. एपीओच्या पत्त्यावर कुरियरवाले येत नाहीत, त्यामुळे पार्सल गावी मागवायचं आणि रजा संपवून परतताना शेंगदाण्याच्या चटणीबरोबर घेऊन यायचं.

आता माझा मुख्य मुद्दा. लोकांना वाटतं की कन्व्हर्जन सेट हे शौकिनांचं वरचं तूप. आपल्या बाबतीत तो वरचा भाग नाहीच. आपल्या फौजेचा सगळा इतिहास बदललेल्या गाड्यांचा आहे.

१ नोव्हेंबर १९४८, झोजिला. ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट टँक अशा उंचीवर लढले जिथे टँक येईल असं शत्रूच्या स्वप्नातही नव्हतं. ते गुपचूप पोचावेत म्हणून वाटेत त्यांचे बुरुज काढून ठेवले होते, आणि मद्रास सॅपर्सनी रस्ता रुंद केला म्हणून ते वर चढले. ते टँक ज्या दिवशी रस्त्यावर होते तसे कुठल्या खोक्यात मिळतात? अमेरिकन शर्मनवर आपण फ्रेंच ७५ मिमी तोफ बसवली. विजयंताच्या चासीवर रशियन १३० मिमी एम-४६ तोफ चढवून, वर छत घालून 'कॅटापल्ट' केली. रशियन टी-५५ ची तोफ काढून १०५ मिमीची बसवली, म्हणजे विजयंता आणि टी-५५ ला एकच दारूगोळा चालावा. साध्या जीपवर १०६ मिमीची रिकॉइललेस गन बसवलेली, तिच्यावरून खेमकरण भागात हवालदार अब्दुल हमीद यांनी पॅटन फोडले. त्या जीपचं मॉडेल म्हणून लोक अमेरिकन लष्कराची, डावीकडे स्टिअरिंग असलेली जीप रंगवतात. आपल्याकडच्या महिंद्राच्या जीपचं स्टिअरिंग उजवीकडे असतं, एवढंही कोणी थांबून बघत नाही.

आणि कृपा करून या सगळ्याला 'जुगाड' म्हणू नका. मला त्या शब्दाची चीड आहे. एका देशाच्या बुरुजात दुसऱ्या देशाची तोफ बसवायची म्हणजे मागे येणाऱ्या झटक्याचा हिशेब, बुरुजाचा तोल, गोळे ठेवायच्या जागा, नेमाच्या दुर्बिणी, सगळं नव्याने करावं लागतं. हे वर्कशॉपमधल्या, कारखान्यातल्या, ड्रॉइंग बोर्डवरच्या माणसांनी डोकं लावून केलं. जुगाड म्हटलं की त्यांची मेहनत एका शब्दात पुसली जाते. मॉडेलवर तो बदल दाखवणं म्हणजे त्यांना सलाम करणं. मूळ किट तसंच रंगवणं म्हणजे ती माणसं नव्हतीच असं म्हणणं.

आता दोन आक्षेप, जे मला आपल्याच लोकांकडून ऐकावे लागतात.

पहिला सुरक्षेचा. "गाड्यांची मापं, फोटो असं बाहेर देऊ नये." आज सेवेत असलेल्या गाडीच्या बाबतीत शंभर टक्के मान्य. तिला टेप लावायची नाही, मोबाइल काढायचा नाही. मी फौजी आहे, मला हे कोणी शिकवायला नको. पण सेंच्युरियन, विजयंता या गाड्या नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, टँक म्युझियममध्ये उभ्या आहेत, तिकीट काढून कोणीही बघतो. ६५ सालच्या टँकच्या मडगार्डची रुंदी सांगितल्याने कुठली सीमा उघडी पडते? सुरक्षेच्या नावाखाली आपण आळस लपवतोय. लढाईचं गुपित वेगळं आणि इतिहासाची हेळसांड वेगळी.

दुसरा बाजाराचा. "परदेशी कंपन्या आपले टँक काढत नाहीत, आम्ही काय करणार?" ते का काढतील? त्यांच्याकडे जर्मन टँकच्या एकेका बोल्टचे फोटो आहेत, ड्रॉइंग आहेत, जुन्या सैनिकांनी लिहिलेल्या आठवणी आहेत. आपल्याकडचे फोटो कुठे आहेत? तुमच्या ट्रंकेत, गंजलेल्या डब्यात, मेसच्या भिंतीवर काच फुटलेल्या फ्रेममध्ये. कारागिराला कागद लागतो. आज थ्रीडी प्रिंटर घराघरात यायला लागलेत. इंजिनिअरिंगची पोरं रात्रीत बुरुज काढून देतील. त्यांना प्लास्टिकची वाण नाही, खात्रीच्या मापांची आणि फोटोंची आहे.

उलट्या बाजूच्या मंडळींनाही सोडत नाही. काही जण रिव्हेट मोजत बसतात, हिरव्या रंगाच्या छटेवरून महिना-महिना भांडतात, आणि त्या टँकमध्ये किती माणसं बसायची विचारलं तर गप्प. टी-५५ मध्ये चार. ती चार माणसं विसरून मोजलेला रिव्हेट मला नको. डबा महत्त्वाचा आहे तो त्याने कोणाचा तरी जीव वाचावा म्हणून.

आणि एक गोष्ट, जी बोलायला जड जाते. आपण मॉडेलंसुद्धा फक्त विजयाची बनवतो. बसंतर, असल उत्तर, लोंगेवाला. बनवा, जरूर बनवा. पण ७१ चं छांब कोणी करत नाही, कारण तिथे आपल्याला मनावर तवीच्या पूर्वेला मागे यावं लागलं आणि नदीच्या पश्चिमेचा तो भाग आपल्या हातून गेला. तिथे लढलेल्यांचा टँक कपाटात ठेवण्याच्या लायकीचा नाही का? त्यांच्या नळीवरही तोच डबा होता. तसंच रिकव्हरीच्या गाड्यांचं. अडकलेला, जळका टँक ओढून आणणाऱ्या गाडीचं मॉडेल एखाद्या प्रदर्शनात दिसलं तर मला कळवा. मी ईएमईचा आहे म्हणून म्हणत नाही. बरं, म्हणूनच म्हणतो.

आता माजी सैनिकांनो, तुमच्यासाठी. मागणी साधी आहे. ट्रंक उघडा. जुने फोटो काढा. मागे पेन्सिलने लिहा, साल, जागा, गाडी कोणती, उभे कोण. नातवाला सांगून स्कॅन करून घ्या. मग बसा आणि आठवा. वळकट्या टँकवर कुठे बांधायचात? पाण्याचे जेरीकॅन कुठल्या बाजूला? चहाचं भांडं कुठे लटकायचं? जाळं गुंडाळून कुठे ठेवायचात? देवाचा फोटो ड्रायव्हरच्या डोक्याजवळ होता की कमांडरच्या? वेल्डिंग करून तुम्ही स्वतः कुठला हुक वाढवला होता? हे कुठल्याही पुस्तकात नाही, कुठल्याही किटमध्ये येत नाही. तुम्ही गेलात की ते गेलं.

आणि मॉडेल बनवणाऱ्या पोरांनो, खोक्यातला टँक खोक्यातल्या देशाच्या नावाने बनवा, त्यात काही कमीपणा नाही. आपला म्हणून पाटी लिहायची असेल तर आधी कष्ट घ्या. सेट परवडत नसेल तर प्लास्टिकची नळी, पत्रा आणि तारेने घरी करा. पाटी लिहिण्याआधी चाकं मोजा, नळी बघा आणि शेजारच्या गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या दफादाराला दाखवून या. त्याचं बोट अडायला हवं तिथे अडलं, तर खुशाल तिरंगा लावा.

जय हिंद.